पौष्टिक खाण्याची आवड आहे, मग काम कोणतं निवडायचं?

चांगलं खाण्याची गोडी एकदा लागली की ती स्वतःच्या ताटापुरती राहत नाही. पाकिटावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय वस्तू विकत घेववत नाही. ओळखीतले लोक "मी काय खाऊ?" असं विचारायला लागतात. मग कधीतरी मनात येतं, पोटापाण्यासाठी हेच काम का करू नये? हा विचार गंभीरपणे घ्यावा असाच आहे, कारण अन्न आणि आरोग्याच्या क्षेत्रात प्रामाणिक माणसांची फार गरज आहे. मात्र बरेच नवखे लोक पहिल्याच आठवड्यात एखाद्या कोर्सची फी भरून टाकतात. माझ्या मते कोर्स निवडायची वेळ त्यानंतर बरीच पुढे येते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आजवर तुम्ही स्वतःच्या ताटाचा विचार केलात. काम सुरू झालं की ताट दुसऱ्याचं असतं. त्याची आवड वेगळी, खिसा वेगळा, आजार वेगळे, स्वयंपाकाला मिळणारा वेळही वेगळा. तुम्हाला पटलेलं त्याला पटेलच असं नाही आणि पुष्कळदा ते त्याला लागूही पडणार नाही. दुसऱ्याच्या ताटात ज्याला मनापासून रस वाटतो, तो या क्षेत्रात टिकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: आवडीची फोड करा

"मला हेल्दी खाण्याची आवड आहे" एवढ्यावरून काम ठरत नाही, कारण या एका वाक्यात चार-पाच वेगळ्या आवडी दडलेल्या असतात. कुणाला कमी तेलात चव कशी आणायची याचा ध्यास असतो. कुणाला शरीरात अन्नाचं पुढे काय होतं हे जाणून घ्यायचं असतं. कुणाला समोरच्या माणसाची सवय हळूहळू बदलताना बघायला आवडतं. कुणाचं मन मातीत आणि पिकात रमतं, तर कुणाला दुकानात खोटे दावे करणारी पाकिटं दिसली की राग येतो.

दोन-तीन आठवडे एक वही जवळ ठेवा. खाण्यापिण्याशी संबंधित जे काही कराल त्यातलं काय करताना वेळेचं भान राहिलं नाही आणि काय उरकून टाकावंसं वाटलं, ते त्याच दिवशी लिहा. लिहिताना क्रियापदं वापरा: शिजवलं, मोजलं, समजावलं, शोधून वाचलं, पेरलं, लोकांना जमवलं. शेवटी वही चाळली की एखाद-दुसरं क्रियापद सारखं समोर येईल. काम निवडताना पदाच्या नावापेक्षा या क्रियापदाकडे बघा.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट तपासायची आहे, आणि ती टाळू नका. अमेरिकन डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ मध्ये 'ऑर्थोरेक्सिया' हा शब्द वापरला. शुद्ध, योग्य खाण्याचा ध्यास इतका वाढतो की जगणंच आक्रसून जातं, अशा अवस्थेसाठी तो शब्द होता. बाहेर जेवायची वेळ आली की तुम्हाला धास्ती वाटते का? 'नियम' मोडला की दिवसभर अपराधी वाटतं का? तसं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. दिवसभर अन्नाभोवतीच फिरणारं काम अशा मनाला अधिक त्रास देऊ शकतं, आणि ती भीती नकळत समोरच्या माणसापर्यंतही पोहोचते.

दुसरी पायरी: कामाचा रोजचा दिवस समजून घ्या

पहिल्यांदा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर डाएटिशियन येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञाचं काम हे उत्साहाने सल्ले देण्याचं काम नव्हे. सकाळी वॉर्डात फेरी, कुणाचं वजन घटलं, कुणाला गिळता येत नाही, कुणाला नळीवाटे अन्न द्यायचं आहे, रक्ताचे रिपोर्ट काय सांगतात, डॉक्टर आणि नर्सशी बोलणं, आणि या सगळ्याची नोंद. 'पौष्टिक' या शब्दाचा नेहमीचा अर्थ इथे रोज मोडतो. मूत्रपिंडाचा आजार पुढच्या टप्प्यात असेल तर फळंभाज्यांमधलं पोटॅशियमसुद्धा मोजून द्यावं लागू शकतं. वजन झपाट्याने उतरणाऱ्या वृद्ध माणसाला कमी कॅलरीचं सॅलड नको असतं, त्याला थोड्या घासांत जास्त ऊर्जा हवी असते. बराच काळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला दिलं तर रक्तातलं फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये याचे परिणाम दिसले होते. आपल्या आवडत्या आहारपद्धतीला बाजूला ठेवून समोरच्या शरीराची गरज वाचायची ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी हे फार मोलाचं काम आहे. त्याला वर्षानुवर्षांचं शिक्षण लागतं, आणि तेच योग्य आहे.

ज्यांना माणसांशी बोलायला आवडतं पण रुग्णालय नको वाटतं, त्यांच्यासाठी सवयी बदलायला मदत करणारी कामं असतात: वेलनेस कोच, कंपनीतला आरोग्य कार्यक्रम, शाळेतलं पोषण शिक्षण. इथे पोषणाच्या माहितीहून ऐकून घेण्याची ताकद जास्त लागते. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या समस्येवरच्या उपचारांच्या अनुभवातून 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' ही संवादाची पद्धत मांडली. माणसाला पटवत बसण्याऐवजी बदलाची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यायची, हा तिचा गाभा. आज ती आहार-सल्ल्यातही वापरतात. तुम्हाला दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडून 'बरोबर काय' ते सांगायची घाई होत असेल, तर या वाटेवर आधी ती घाई कमी करायला शिकावं लागेल.

स्वयंपाकघराची वाट निराळी. घरी चार जणांसाठी रांधणं आणि कॅन्टीनमध्ये दोनशे ताटं वेळेवर, एकाच चवीची, सुरक्षित अशी बाहेर पाठवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दिवसभर उभं राहणं, गरम वाफ, सणासुदीला सुट्टी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं सांगितली आहेत: स्वच्छता, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवणं, नीट शिजवणं, योग्य तापमान आणि सुरक्षित पाणी व कच्चा माल. शिजवताना अन्नाच्या आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोहोचायला हवं, आणि शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे रेंगाळू द्यायचं नाही. पदार्थ कितीही पौष्टिक असो, हे पाळलं नाही तर तो घातकच. ॲलर्जीचंही तसंच. युरोपीय संघात १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणं बंधनकारक आहे. तिथलं स्वयंपाकघर ही यादी पाठ करूनच चालतं. या वाटेचं समाधान मात्र रोकडं असतं: ताट रिकामं परत आलं की कळतं.

आता अशा कामांकडे वळू ज्यांच्याकडे नवखे लोक बघतही नाहीत. माझ्या मते सर्वांत जास्त माणसांचं खाणं इथूनच बदलतं.

एक म्हणजे अन्नप्रक्रिया उद्योग. कारखान्यातली फूड टेक्नॉलॉजिस्ट एखाद्या रोज खपणाऱ्या पदार्थातलं मीठ थोडंथोडं कमी करते. जीभ तेवढा फरक ओळखत नाही, आणि लाखो लोक काही न करता कमी मीठ खायला लागतात. ब्रिटनमध्ये ब्रेडमधलं मीठ याच पद्धतीने टप्प्याटप्प्याने खाली आणलं गेलं. ज्यांना 'पाकिटातलं सगळं वाईट' असं ठामपणे वाटतं त्यांना इथे काम करणं जड जाईल, पण पाकीट सुधारणारा माणूस आतच लागतो.

दुसरं म्हणजे सार्वजनिक आरोग्य आणि धोरण. फिनलंडच्या नॉर्थ करेलिया भागात हृदयविकाराने तरुण वयात माणसं जात होती. तिथे १९७२ मध्ये पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. धूम्रपान, रक्तदाब आणि खाणं या तिन्हींवर डॉक्टर, शाळा, दुकानं, दूध उत्पादक आणि गावातल्या गृहिणींच्या संघटना एकत्र आणल्या गेल्या. पुढच्या काही दशकांत कामकरी वयातल्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, कॅलरी किंवा संपृक्त चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. अशा कामांमागे आकडेवारी जमवणारे, मसुदे लिहिणारे, बैठका घेणारे, दुकानोदुकानी जाऊन तपासणी करणारे लोक असतात. त्यांचं नाव कुठे येत नाही, आणि त्यांनी वाचवलेल्या माणसांना ते माहीतही नसतात. ज्याला शाबासकीपेक्षा परिणाम प्यारा आहे, त्याने ही वाट जरूर बघावी.

शेती, बीज-संवर्धन, अन्नदान पेढ्या (फूड बँक), पुरवठा साखळी, आरोग्य पत्रकारिता, पाककृती लेखन हेही पर्याय आहेतच. प्रत्येकाबद्दल एकच शोधा: तिथला माणूस सकाळी कामावर गेल्यापासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय करतो?

तिसरी पायरी: आधीचं कौशल्य मोडीत काढू नका

या क्षेत्रात येण्यासाठी सगळं शून्यापासून सुरू करावं लागतं, असं समजू नका. अन्नदान पेढीला हिशेब सांभाळणारा लागतो. रुग्णालयाच्या आहार विभागाला चुकीचं ताट चुकीच्या खाटेवर जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअर बनवणारा लागतो. आरोग्यदायी पदार्थ बनवणाऱ्या छोट्या उद्योगाला मालाची ने-आण बघणारा, करार वाचणारा, चित्रं काढणारा हवा असतो. तुमच्या हातात दहा वर्षांचं एखादं कौशल्य असेल, तर तेच घेऊन या क्षेत्रातल्या संस्थेत जाणं ही सर्वांत जवळची वाट असते. पगारही फारसा खाली येत नाही.

कधीकधी नोकरी बदलायचीही गरज नसते. एमी वझेस्निएव्स्की आणि जेन डटन या दोन संशोधक महिलांनी २००१ मध्ये 'जॉब क्राफ्टिंग' ही कल्पना मांडली. रुग्णालयातले काही सफाई कर्मचारी आपल्या कामाला रुग्णसेवेचा भाग मानत, आणि आपणहून कामाची आखणी त्याप्रमाणे बदलून घेत, असं त्यांना दिसलं. ऑफिसच्या कॅन्टीन समितीत जाणं, शाळेत शिक्षक असाल तर बागकाम आणि खाण्याचा तास सुरू करणं, हे आजच्या नोकरीत राहूनही करता येतं. त्यातून मन भरलं तर उत्तमच. नाही भरलं तर पुढे काय हवं ते नेमकं कळतं.

चौथी पायरी: कायद्याची रेघ कुठे आहे ते बघा

'डाएटिशियन' ही पदवी ब्रिटनमध्ये कायद्याने राखीव आहे. नोंदणी नसताना ती लावणं गुन्हा आहे. 'न्यूट्रिशनिस्ट' हा शब्द मात्र तिथे तसा राखीव नाही. अमेरिकेत नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा देण्यासाठी १ जानेवारी २०२४ पासून पदव्युत्तर पदवी लागते. प्रत्येक देशाचे नियम निराळे, म्हणून तुम्ही जिथे काम करणार आहात तिथल्या अधिकृत नोंदणी संस्थेकडूनच माहिती घ्या. कोर्स विकणाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नका. खाद्यपदार्थ विकणार असाल तर परवाना, लेबल आणि स्वयंपाकघराची तपासणी यांचे नियमही आधीच वाचा.

कायदा काहीही म्हणो, तुमच्यापुरती एक रेघ तुम्हीच आखा. निरोगी माणसाला सर्वसाधारण माहिती देणं वेगळं. आजार, गरोदरपण, लहान बाळ किंवा चालू औषधं यांचा प्रश्न आला की तो डॉक्टर आणि नोंदणीकृत आहारतज्ज्ञाकडे पाठवायचा. हे सांगण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्या माणसाने अचानक खूप हिरव्या पालेभाज्या सुरू केल्या तर त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे औषधाचा असर कमी होऊ शकतो. ग्रेपफ्रूटमुळे कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. 'भाजी खा, फळ खा' एवढा साधा सल्लाही कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच सल्ला द्यावा.

पाचवी पायरी: नोकरी न सोडता उमेदवारी करा

ज्या दोन-तीन वाटा आवडल्या त्यातल्या माणसांना भेटा. "या क्षेत्राला भविष्य आहे का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर कुणालाच धड देता येत नाही. त्याऐवजी विचारा: काल दिवसभरात काय काय केलंत? यातलं कोणतं काम तुम्हाला कंटाळवाणं वाटतं? तुमचा पगार शेवटी कुणाच्या खिशातून येतो? नवीन माणसं हे काम का सोडतात? शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण त्याच्या उत्तरातून सर्वांत जास्त शिकायला मिळतं. लोकांना आपल्या कामाबद्दल बोलायला आवडतं. नम्रपणे वीस मिनिटं मागितली तर पुष्कळ जण देतात.

नंतर स्वतः करून बघा. स्वयंपाकाची वाट असेल तर सुट्टीच्या दिवशी एखाद्या सामुदायिक स्वयंपाकघरात सेवा द्या, आणि भांडी घासण्यापासून सुरुवात करा. शिकवायची असेल तर एखाद्या वाचनालयात किंवा महिला मंडळात लेबल कसं वाचायचं यावर तासभर बोला आणि लोकांनी काय प्रश्न विचारले ते लिहून काढा. लेखनाची असेल तर एकच विषय घेऊन, मूळ संशोधन वाचून, शेजाऱ्याला समजेल असं लिहा. पदार्थ विकायचे असतील तर एकाच पदार्थाची बॅच तीनदा बनवा आणि तिन्ही वेळा चव, वजन आणि खर्च जुळतो का ते बघा. उमेदवारीचा दिवस संपला की थकवा आला असेलच. पण उद्या परत जावंसं वाटतं का, याचं उत्तर वहीत लिहा.

सहावी पायरी: मग शिक्षण

आता कोर्स निवडायला हरकत नाही, कारण तो कशासाठी हवा आहे ते तुम्हाला कळलेलं आहे. तीन गोष्टी बघा. अभ्यासक्रमाला नोंदणी संस्थेची मान्यता आहे का? अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करायला मिळतं का? शिकवणारी संस्था स्वतःच पावडरी आणि गोळ्या विकते का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर लांब राहा. काही आठवड्यांत 'तज्ज्ञ' बनवणाऱ्या प्रमाणपत्राने भिंत सजेल, रुग्णालयाचं दार उघडणार नाही.

घरबसल्या आजपासून शिकता येईल असंही बरंच आहे. एक ग्रॅम प्रथिनं किंवा कर्बोदकांतून साधारण ४ किलोकॅलरी आणि एक ग्रॅम चरबीतून ९ मिळतात, एवढ्या भांडवलावर कोणतंही लेबल तपासता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी वाचा: प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, मुक्त साखर (वरून घातलेली, तसंच मध आणि फळांच्या रसातली) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, फळं आणि भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे संशोधन वाचायला शिका. 'धोका ५० टक्क्यांनी वाढतो' असा मथळा दिसला की विचारा, कशापासून कशापर्यंत? हजारात दोघांचे तिघे झाले तरी वाढ ५० टक्केच असते. पाहणी होती की प्रयोग, माणसांवर होता की उंदरांवर, पैसा कुणी दिला, हे प्रश्न विचारायची सवय लागली की तुम्ही या क्षेत्रातल्या गोंगाटापासून सुरक्षित राहता आणि तुमचं ऐकणारेही राहतात.

सातवी पायरी: पैशाचा हिशेब आणि पहिला अर्ज

पैशाबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. सल्ल्याची फी आणि विकलेल्या पावडरीच्या डब्यामागचं कमिशन, दोन्ही एकाच खिशात येऊ लागलं की सल्ला हळूहळू डब्याकडे झुकतो. सुरुवातीलाच ठरवा की तसलं उत्पन्न घेणार नाही. स्वतःचा खाद्य व्यवसाय असेल तर कॉस्टिंगमध्ये वाया गेलेला माल, पॅकिंग आणि स्वतःच्या श्रमाचे तास धरा. हे तिन्ही सोडून काढलेला नफा खरा नसतो. हवाबंद डब्यात टिकणारा पदार्थ बनवणार असाल तर त्याची आम्लता प्रयोगशाळेतून तपासून घ्या. पीएच ४.६ पेक्षा जास्त, म्हणजे आम्लता कमी असलेल्या हवाबंद पदार्थात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात, आणि ते ना डोळ्यांना दिसतं ना जिभेला कळतं. किमान सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असल्याशिवाय नोकरी सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

अर्ज करताना 'मला आरोग्यदायी आहाराची प्रचंड आवड आहे' हे वाक्य बायोडेटातून काढून टाका, कारण समोर आलेल्या प्रत्येक अर्जात ते असतं. त्या जागी उमेदवारीत केलेलं काम लिहा: किती जणांचं जेवण सांभाळलं, कोणता तास घेतला, लोकांनी काय विचारलं, पुढच्या वेळी तुम्ही काय बदललं. मुलाखतीत संस्थेलाही प्रश्न विचारा. इथलं जेवण किंवा सल्ला ज्यांच्यासाठी आहे, त्यांचं म्हणणं तुम्ही कसं आणि किती वेळा ऐकता? त्यानंतर इथे काय बदललं, एखादं उदाहरण सांगाल का? उदाहरण पटकन आणि तपशिलासकट आलं, तर पगार थोडा कमी असला तरी त्या जागेचा विचार करा.